‘आता या वयात सोडून काय करायचंय?’ : विडी-सिगारेट आणि म्हातारपणातलं मन

ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं औषधाचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. "आता या वयात सोडून काय करायचंय?" दम्याचा पंप न्यायला आलेले काका स्वतः म्हणतात, त्यांच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आलेली सून म्हणते, बायको तर हात झटकून म्हणते. आणि त्याला जोडूनच पुढचं येतं. "तेवढाच जिवाला विरंगुळा आहे हो. तोही काढून घेतला तर डोकं फिरेल त्यांचं."

पहिल्या वाक्याला उत्तर देणं फारसं कठीण नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. साठीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांनाही, ओढत राहिलेल्यांच्या मानाने, सरासरी तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं. तिशीत सोडणाऱ्यांचा फायदा दहा वर्षांचा होता हे खरं, पण साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी बघून जाणं आणि न बघता जाणं, एवढा फरक आहे.

दुसरं वाक्य मायेपोटी निघालेलं असतं, म्हणून ते खोडायला वेळ लागतो. विडी-सिगारेट म्हाताऱ्या माणसाच्या मनाला आधार देते हा समज इतका पक्का आहे की सत्तरीतल्या पेशंटला सोडायला सांगताना काही डॉक्टरांचीही जीभ अडखळते. हा समज चुकीचा आहे. पण तो खरा का वाटतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. चाळीस वर्षं ओढणाऱ्या माणसाचा रोजचा अनुभव त्याला तेच सांगत असतो, आणि अनुभवाला नुसतं ‘खोटं’ म्हणून भागत नाही.

झुरक्यानंतरचा निवांतपणा येतो कुठून?

झुरका आत गेला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या पेशींवर असेटिलकोलिन नावाच्या, आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या रसायनासाठी ठरावीक जागा असतात. निकोटिन त्या जागा पटकावतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. बरं वाटतं, लक्ष लागतं, डोकं हलकं होतं. इथवर सगळं खरं आहे.

पण रोज वरून निकोटिन येतंय म्हटल्यावर मेंदू या जागा वाढवत नेतो. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत त्या न ओढणाऱ्यापेक्षा बऱ्याच जास्त असतात. त्या रिकाम्या राहिल्या की माणसाला हुरहुर लागते, चिडचिड होते, एका जागी बसवत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणजे जेवणानंतरची ओढून तास-दीड तास झाला की घसरण सुरू झालेली असते. रात्रभरात तर ते जवळजवळ संपतं. म्हणून सगळ्यात जोराची तलफ पहाटेची. घरातले सगळे झोपलेले असताना साडेपाचला गॅलरीत उभे राहणारे आजोबा आपल्याला माहीत आहेत. "पहिली ओढल्याशिवाय डोकं चालत नाही," असं ते म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते शंभर टक्के बरोबर असतं. (उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर व्यसन खोलवर आहे, असं डॉक्टर धरून चालतात. दिवसाला किती ओढता, यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.)

त्या पहिल्या सिगारेटने डोकं ताळ्यावर येतं ते न ओढणाऱ्या शेजाऱ्याच्या पातळीपर्यंत. तो शेजारी उठतानाच तिथे असतो. दुकानदाराकडून नवी उचल घेऊन मागची उचल फेडावी, तसा हा व्यवहार आहे. फेडल्याच्या क्षणी मोकळं वाटतं, आणि त्याच क्षणी पुढची बाकी चालू झालेली असते. दिवसातून पंधरा वेळा बेचैनी येते, पंधरा वेळा ती जाते. जाताना हातात सिगारेट असते, म्हणून श्रेय तिला मिळतं. येताना हातात काही नसतं, म्हणून दोष सुनेवर, गुडघ्यावर, नाहीतर टीव्हीच्या आवाजावर जातो.

यातून बाहेर पडल्यावर काय होतं, हे मोजून बघितलेलं आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. सिगारेट सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या लोकांची मनःस्थिती त्यात सुरुवातीला आणि नंतर, कमीत कमी सहा आठवड्यांनी, तपासलेली होती. सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण तिन्ही कमी झालेले दिसले. हा फरक नैराश्यावरच्या गोळ्यांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तो दिसला. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०२ अभ्यास आणि १,६९,५०० हून जास्त लोकांची माहिती घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हाही निष्कर्ष त्याच बाजूचा निघाला. यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत, म्हणजे कुणी सोडायची हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. ज्याचं मन आधीच सावरत होतं त्याला सोडणं सोपं गेलं, असंही थोडंफार झालेलं असू शकतं. पण ‘सोडली तर डोकं फिरेल’ ही भीती खरी असती, तर इतक्या माणसांत कुठेतरी उलटा आकडा दिसायला हवा होता. तो दिसत नाही.

उदासीने सिगारेट, की सिगारेटने उदासी?

दोन्ही. मन खचलेला माणूस जास्त ओढतो हे आपण डोळ्यांनी बघतो. बायको गेली, धंदा बसला, मुलगा परदेशी गेला, की पाकिटं वाढतात. उलटी वाट सहसा दिसत नाही. जनुकांचा आधार घेऊन केलेल्या अभ्यासांतून आता असं पुढे येतंय की धूम्रपान स्वतःही नैराश्याचा धोका वाढवतं.

म्हातारपणी या उलट्या वाटेला आणखी एक फाटा फुटतो, आणि तो रक्तवाहिन्यांमधून जातो. सिगारेटमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मेंदूच्या आत केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांचंही तेच होतं. मोठा अर्धांगाचा झटका आला तर घर हादरतं. पण या बारीक वाहिन्यांचं नुकसान न सांगता, तुकड्यातुकड्याने होत राहतं. विचार, उत्साह आणि भावना सांभाळणाऱ्या भागांना जोडणाऱ्या तारा त्यात कमजोर होतात. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू होणाऱ्या नैराश्याचा एक प्रकार यातूनच येतो, असं मानसोपचारतज्ज्ञ मानतात. त्यात रडणं फार नसतं. माणूस मंदावतो. उठावंसं वाटत नाही, आंघोळीला टाळाटाळ होते, प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागतो. घरचे म्हणतात, "आळशी झालेत." कुणी म्हणतं, "वय झालं."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं नैराश्य ओळखलंच जात नाही, हे मी मनापासून आणि थोड्या रागाने सांगते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केलंय, असं सांगणारे होते ०.८ टक्के. दहातल्या नऊ जणांना त्याचं नावच कुणी सांगितलेलं नाही. ते लोक आमच्यासारख्यांच्या दुकानात येतात आणि गॅसची गोळी मागतात. अंग दुखतंय म्हणतात, झोपेची गोळी मिळेल का विचारतात, बीपी मोजायला आठवड्यातून तीनदा डोकावतात. संध्याकाळी तलावपाळीवर जाणं बंद झालेलं असतं, कट्ट्यावरच्या मित्रांचे फोन उचलले जात नाहीत. उदास आहात का, असं विचारलं तर "छे छे" म्हणतील. "पूर्वी जे करायला आवडायचं ते गेल्या दोन आठवड्यांत करावंसं वाटलं का?" असं विचारून बघा. मग मात्र बराच वेळ गप्प बसतात.

स्मृतिभ्रंशाचंही इथेच सांगून टाकते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची, आपल्या हातात असलेली, १४ कारणं मांडली. ती सगळी दूर केली तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत धूम्रपान आहे, नैराश्य आहे आणि एकटेपणाही आहे. एकाच आजोबांच्या वाट्याला तिन्ही येणं, हे माझ्या आसपास तरी मला वारंवार दिसतं.

टपरी जाते तेव्हा काय काय जातं

आमच्या भागातल्या आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या पुरुषांची एक मोठी पिढी वागळे इस्टेटमध्ये, नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये वाढली. तिन्ही पाळ्या केल्या. रात्रपाळीत जागं राहायला विडी, पाळी सुटल्यावर गेटबाहेर चहा आणि विडी, संपाच्या दिवसांत तर दिवसभर विडी. कंपन्या बंद पडल्या, सोबती पांगले. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, नाहीतर मुलाने घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर घर घेतलं. त्या घरात दुपारी लिफ्टच्या आवाजाशिवाय काही नसतं. अशा माणसाने कोपऱ्यावरच्या टपरीवर पाऊल ठेवलं की टपरीवाला न सांगता त्याचा ब्रँड पुढे करतो, "काका, कालचं जावयाचं काय झालं?" विचारतो. बाकावर दुसरे दोघं सरकून जागा देतात. दिवसभरात त्याला नावाने ओळखणारी तेवढीच जागा उरलेली असते.

घरचे जेव्हा "सिगारेट बंद" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे फक्त धूर असतो. त्याच्या डोळ्यापुढे तो बाक असतो. माझं स्पष्ट मत आहे की बाकाची सोय लावल्याशिवाय धुराला हात घालू नये. कचराळी तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचा घोळका, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, देवळाचा कट्टा, नातवाला शाळेत सोडायची जबाबदारी, जे जमेल ते. पण ठरलेली वेळ आणि ठरलेली माणसं हवीत. बरं, त्याच टपरीवर जाऊन नुसता चहा प्यायलाही हरकत नाही, फक्त पहिले तीन-चार आठवडे गेल्यावर.

बायकांबद्दल कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात ओढणारे कमी आणि चघळणारे जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यात मिश्री लावणाऱ्या, गालात तंबाखूची चिमूट धरणाऱ्या कितीतरी आज्या आहेत. त्यांच्या पिशवीतली डबी घरात सगळ्यांना माहीत असते आणि त्याबद्दल चकार शब्द निघत नाही. निकोटिन तेच, तलफ तीच, आणि सकाळी मिश्रीआधीची चिडचिडही तीच. रक्तात ते जरा सावकाश चढतं एवढंच. वर सांगितलेलं उचलीचं गणित त्यांनाही जसंच्या तसं लागू आहे. पुढचा औषधांचा मुद्दा मात्र फक्त धुराचा आहे.

चहा, दम्याची गोळी आणि बिचारी बदनाम झालेली ‘सोडणूक’

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण इतरत्र तो फारसा सांगितला जात नाही आणि सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येण्यामागे तो बऱ्याचदा असतो.

वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले एक काका फुप्फुसांच्या आजारासाठी दवाखान्यात राहून आले आणि त्यांनी ठाम ठरवून सिगारेट सोडली. दुसऱ्याच आठवड्यात ते दुकानात आले. काउंटरवर हात पुढे करून म्हणाले, "ताई, हे बघा." बोटांत धरलेली दहाची नोट थरथरत होती. छातीत धडधड, रात्री झोप नाही, मळमळ. "माझ्या शरीराला ती लागतेच. मी आजपासून परत सुरू करतो," असं सांगायलाच ते आले होते. मी त्यांची औषधं बघितली. त्यात थिओफिलिन, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारी गोळी, होती. चहा किती घेता विचारलं, तर सहा कप. तलफ आली की चहा, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं.

यात काय होतं ते सांगते. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका विकराला, म्हणजे औषधं मोडून टाकणाऱ्या एका यंत्रणेला, जादा कामाला लावतात. म्हणून ओढणाऱ्याच्या शरीरात काही औषधं भरभर संपतात, आणि डॉक्टर त्या हिशेबाने डोस बसवतात. धूर बंद झाला की आठवडाभरात ही यंत्रणा नेहमीच्या चालीवर येते. गोळी तीच, पण रक्तात साचणारं औषध जास्त. थिओफिलिनची पातळी चढली की नेमकं हेच होतं: हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते. चहा-कॉफीतलं कॅफिनही हीच यंत्रणा मोडते. सोडल्यावर तेवढ्याच चहाने रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. काकांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डोस कमी झाला, चहा तीन कपांवर आला. थरथर थांबली.

मानसिक आजारावरच्या काही औषधांनाही हाच नियम आहे, आणि तिथे तो फार जपून हाताळावा लागतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही त्यातली मुख्य. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे, त्यामुळे अशी औषधं वर्षानुवर्षं घेणारे पेशंट आणि त्यांना सांभाळणारी घरं आमच्या शहरात पुष्कळ आहेत. पेशंटने अचानक सिगारेट सोडली तर या औषधांची पातळी वाढून खूप गुंगी येणं, लाळ गळणं, तोल जाऊन पडणं, क्वचित फिट येणं, असं होऊ शकतं. त्याच्या उलटही घडतं. वॉर्डात असताना धूर बंद होता, त्या हिशेबाने डोस बसला, घरी आल्यावर पाकीट सुरू झालं आणि औषध कमी पडून आजार उसळला. घरच्यांना वाटतं औषध लागू पडेनासं झालं. म्हणून यांनी सोडू नये असं अजिबात नाही. सोडण्याच्या आधी डॉक्टरांना तारीख सांगायची, एवढंच. निकोटिनची पट्टी लावली तरी हा बदल होतोच, कारण यंत्रणेला पळवत होता तो धूर, निकोटिन नव्हे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सोडल्यावर काही आठवडे तपासण्या जरा जवळजवळच्या ठेवाव्यात.

पहिले चार आठवडे

सोडल्यावर त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवसातच तो सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. चिडचिड, उदासी, चिंता, झोप उडणं, सारखी भूक, कशात लक्ष नाही. मेंदूतल्या त्या वाढलेल्या जागा पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात घरातलं कुणीतरी कंटाळून म्हणतं, "ओढा बाबा एक, पण भांडू नका." एक ओढल्यावर माणूस खरंच शांत होतो, आणि सगळ्या घराची खात्री पटते की याला तीच हवी.

तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ तोंडात लवंग-बडीशेप, जिन्याचे दोन मजले, पाण्याचा ग्लास किंवा एखादा फोन, यावर निभावतं.

उदासी चार आठवड्यांनंतरही तशीच असेल, वाढत असेल, किंवा "जगून काय करायचंय" असं बोलणं निघत असेल, तर ती निकोटिनची राहिलेली नसते. थेट डॉक्टरांकडे न्यायचं. चार आठवडे व्हायची वाटही बघायची नाही जर मरणाचं बोलणं निघालं तर. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर २०२२ पासून चालू आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. ज्यांना आधी कधी नैराश्य येऊन गेलंय त्यांच्यासाठी सोडण्याच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालावी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारखी पालिकेची रुग्णालयं आहेत, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे. ‘मानसोपचार’ म्हटल्यावर दचकणारे आजोबा ‘झोपेसाठी डॉक्टरांना विचारून येऊ’ म्हटल्यावर येतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यात दाखल करताना हटकून विसरली जाते. आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, दाखल केलं. दुसऱ्या दिवशी ते सलाईन ओढायला लागतात, ओरडतात, झोपत नाहीत. भ्रम होण्याची कारणं म्हातारपणी अनेक असतात: जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम, वेदना, औषधं. पण रोज वीस विड्या ओढणाऱ्याचं निकोटिन अचानक तुटलंय, हे त्या डॉक्टरांना माहीतच नसतं, कारण मुलाने लाजून सांगितलेलं नसतं. दाखल करताना हे पहिल्यांदा सांगा. रोज किती, आणि शेवटची कधी.

गम, पट्टी आणि गोळी

नुसत्या निर्धाराने सोडणारे असतात, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी मदत घ्यावी. मदतीने यश मिळण्याची शक्यता चांगलीच वाढते.

दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. तो च्युइंगगमसारखा सतत चघळला की उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि माणूस म्हणतो मला नाही सोसत. चार-सहा वेळा चावायचा, तिखट चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. चहा-कॉफी किंवा लिंबूपाणी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. कवळी असेल तर गम तिला चिकटतो. अशांना पट्टी बरी. ती दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून लावायची. विचित्र स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून झोपताना काढता येते. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडून टाकायची. घरात रांगणारं मूल असेल तर हे फार महत्त्वाचं.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात. ‘त्या गोळ्यांनी डोक्यावर परिणाम होतो’ असं अनेकांनी ऐकलेलं असतं. ती भीती एके काळी वैद्यकीय जगातही होती, अमेरिकेत या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ठळक इशाराही छापलेला असे. मग ८,००० हून जास्त लोकांवर, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना मानसिक आजार असताना, मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला. पट्टी किंवा तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या मानाने मनावरचे गंभीर दुष्परिणाम या गोळ्यांनी लक्षणीयरीत्या वाढलेले दिसले नाहीत, आणि तो इशारा त्याच वर्षी काढला गेला. तरी म्हाताऱ्या माणसात दोन गोष्टी बघाव्याच लागतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर व्हॅरेनिक्लिनचा डोस कमी करावा लागतो, आणि कधी फिट आली असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही.

"कमी केलीय, दिवसाला दोनच," हे उत्तर फार ऐकू येतं. कमी करणं ही सोडण्याकडे जाणारी पायरी असेल तर ठीक. पण हृदयविकाराचा धोका विड्यांच्या संख्येच्या प्रमाणात उतरत नाही. दिवसाला एक ओढणाऱ्याच्या वाट्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याचा निम्म्याच्या जवळपास भाग येतो. मनाच्या बाजूने तर दोनवर थांबणं जास्तच जड, कारण सगळा दिवस त्या दोनची वाट बघण्यात जातो.

घरात बोलायचं कसं

"बाबा, तुमच्यामुळे पोरांना धूर लागतो," हे वाक्य खरं असलं तरी त्याने सत्तरीतला माणूस जिन्यात जाऊन ओढायला लागतो, सोडत नाही. आधीच ‘आपण या घरात अडचण झालोय’ अशी टोचणी असते, त्यात भर पडते. त्याऐवजी मुलगी शेजारी बसून म्हणू शकते, "बाबा, सकाळी तुम्हाला फार हुरहुर होते ना? ती सिगारेटमुळेच होते म्हणे. डॉक्टरांना विचारून बघायचं?" बेचैनीला शब्द दिला की बहुतेक जण ऐकतात, कारण ती त्यांनी स्वतः भोगलेली असते. धमकी, कॅन्सरचे फोटो, नातवाची शपथ, यांतलं काही माझ्या बघण्यात फार टिकलेलं नाही.

तारीख त्यांना ठरवू द्यावी. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, घर बदलताना किंवा ऑपरेशनच्या धास्तीत ती नसावी. ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्याच्या महिनाभर आधीची उत्तम. तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ या नंबरवर आहे, फोन फुकट आहे, आणि २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. पण सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, त्यामुळे तो नंबर कित्येकांनी बघितलेलाच नसतो. महाराष्ट्रात सुट्ट्या विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी त्या मिळतात. तेव्हा नंबर मुलांनी लावून द्यावा आणि फोन आजोबांच्या हातात देऊन स्वतः दुसऱ्या खोलीत जावं. समुपदेशकाशी ते जे बोलतील ते घरच्यांसमोर बोलणार नाहीत.

पहिल्या खेपेला सुटेलच असं नाही. बऱ्याच जणांना दोन-तीनदा, काहींना त्याहून जास्त वेळा सोडावी लागते. मधेच एखाद्या बारशाला, मयताला, जुन्या सोबत्याच्या भेटीत एक ओढली गेली तर पट्टी काढून टाकायची गरज नसते, दुसऱ्या दिवशी ती तशीच चालू ठेवायची. कुठे, कुणाबरोबर आणि किती वाजता ओढली, तेवढं एका चिठ्ठीवर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायचं. थिओफिलिन, ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल आणि सिगारेट रोजची पुन्हा सुरू झाली असेल, तर मात्र पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. डोस पुन्हा बघावा लागतो, त्याच आठवड्यात फोन करा.